नवव्या पायरीवरचा स्पर्श

२ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाचे. मी, बाबा, नऊ खोकी, दोन बॅगा आणि बाबांची हत्यारांची पेटी. पेटी त्यांनी टेम्पोत मागे ठेवू दिली नाही, अख्खा प्रवास मांडीवर घेऊन बसले. कारखान्यातून निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, तरी फिटरची पेटी फिटरच्याच मांडीवर.

घर मला आवडलं. खाली कंपनी, वर आमच्या दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या अंगणातलं झाड दिसतं आणि सकाळचं ऊन थेट बाबांच्या पलंगावर येतं. नोकरीबरोबर राहायला जागाही मिळते म्हटल्यावर दादाने फोनवर तीनतीनदा विचारलं होतं, यात काही गोम नाही ना? गोम एकच आहे, जिना. सतरा दगडी पायऱ्या, मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या, एका बाजूला लाकडी कठडा. बाबांनी खाली उभं राहून कठडा हलवून पाहिला, हा माझ्याहून मजबूत आहे असा निर्वाळा दिला आणि चढायला लागले. अकरा मिनिटं लागली. मी मागे, दोन्ही हात त्यांच्या पाठीपासून वीतभर अंतरावर, तोल गेलाच तर असावेत म्हणून. हात लावलेला त्यांना खपत नाही.

आठ महिने घरी बसून काढल्यावर पन्नासाव्या वर्षी कुणी बोलावून नोकरी देईल असं वाटलं नव्हतं. आई गेल्यापासून बंद पडलेली रोजनिशी म्हणून आज पुन्हा उघडली. पाठ दुखते आहे, पण चांगल्या कामाने दुखावी तशी.

५ सप्टेंबर, गुरुवार

कामाचं स्वरूप कळलं. एक म्हातारे आजोबा कित्येक वर्षांनी घराचा जिना उतरून रस्त्यावर येतात, एवढीच या ॲनिमेशनपटाची गोष्ट. दिग्दर्शिकेला सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहे, पण बाईच. पात्रं घडवणारा एक उंच, वाकलेला माणूस आहे, त्याला 'कुंभार' म्हणतात. तो मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणतो. आजोबा त्याने घडवले आहेत. त्यांचा पाय पायरीवर नीट टेकला पाहिजे, हे माझं काम.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी बाबांना समजावून सांगितलं. संगणकातल्या वस्तूंना एकमेकींची जाणीवच नसते. टेबलावर पेला ठेवा, तो टेबलातून आरपार खाली जाईल. म्हणून सेकंदाच्या प्रत्येक तुकड्याला तपासावं लागतं, आत्ता कोण कोणाला टेकलं आहे. टेकलं असेल तर तिथेच थांबवायचं. मग ठरवायचं की तिथे पकड किती. लोकर लाकडावर किती अडते, रबर दगडावर किती, ओला तळवा फरशीवर किती. प्रत्येक जोडीला एक आकडा. तो कमी पडला की पात्र बर्फावर चालल्यासारखं सरकतं, आणि जास्त झाला तर डिंकात पाय रुतल्यासारखं.

बाबांनी घास खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे तू तिथली फिटर." मग हसत सुटले. घर्षण जावं म्हणून त्यांनी जन्मभर तेल घातलं, आणि मला ते यावं म्हणून पगार मिळतो, हे त्यांना फारच पसंत पडलं.

११ सप्टेंबर, बुधवार

दिवस आता बसला आहे. साडेपाचला उठायचं, बाबांची अंघोळ, गोळ्या, गुडघ्यांना तेल, नाश्ता. नऊला खाली. अकराला वर, एकला वर, चारला वर. मध्ये त्यांनी काठी आपटली की पुन्हा वर. दिवसाला सात खेपा. सतरा गुणिले चौदा. हे मोजायचं नसतं, पण मोजलं जातं.

आज बाईंनी बाबांना जिना उतरताना पाहिलं. बघतच राहिल्या. ते आधी काठी टेकवतात, मग डावा पाय, मग तो पाय खरंच आपला आहे ना याची खात्री केल्यासारखे थांबतात, मग उजवा. बाई म्हणाल्या, हेच माझे आजोबा. यांची चाल टिपायची. बाबा थकतील म्हणून मी नको म्हटलं. बाबांनी मला गप्प केलं. एकोणऐंशीव्या वर्षी त्यांना सिनेमात काम मिळत होतं, तिथे माझं कोण ऐकतंय.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

टिपली. आमच्याच जिन्यावर, भोवती आठ कॅमेरे लावून. बाबांना अंगाला चिकटणारा काळा पोशाख, त्यावर सांध्यासांध्याला छोटे करडे गोळे. कॅमेरे ते गोळे पाहतात आणि संगणकात हाडांचा सांगाडा चालायला लागतो. बाबा म्हणाले, अंगभर बेअरिंग बसवली, आता गुडघे तरी सुरळीत चालतील. सगळे हसले. सहा वेळा पुरे होतं, त्यांनी बारा वेळा उतरून दाखवलं. दर वेळी नवव्या पायरीवर थांबायचे. तिथे भिंतीत छोटी खिडकी आहे, तिच्यातून रस्ता बघायचे आणि पुढे निघायचे.

बाराही वेळा मी मागे होते. माझ्या अंगावर गोळे नव्हते, त्यामुळे मी कुठेच टिपले गेले नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

दमले. बाबांनी आज अंघोळीला नकार दिला, मग दिली परवानगी, मग पाणी गार झालं म्हणून रागावले. मला खाली जायला दहा वाजले.

कुंभाराने घडवलेल्या आजोबांना बाबांची चाल चढवली. चेहरा परका, मान, खांदे, थांबणं सगळं बाबांचं. पाय मात्र सरकत होते. चपलेचा तळ आणि झिजलेला दगड या जोडीचा आकडा मी दुपारभर खालीवर केला, तेव्हा कुठे पाय टेकला.

एक किरकोळ गोष्ट राहिली. नवव्या पायरीवर आजोबा थांबतात, आणि पुन्हा निघायच्या आधी किंचित पुढे झुकतात. धक्का बसल्यासारखे. मग सावरतात. चित्रीकरणात बाबा असे झुकलेले नाहीत. उद्या बघू.

२३ सप्टेंबर, सोमवार

छान दिवस. अकरा वाजता माझ्या टेबलाजवळच्या खिडकीवर टकटक झालं. पाहते तर दोरीला बांधलेली पिशवी, पिशवीत थर्मास. बाबांनी वरच्या खिडकीला कप्पी बसवली आहे, का तर चहासाठी मला चढावं लागू नये. त्या चहात साखर घालायची राहिली होती. मी तो पूर्ण प्यायले.

आजोबा आज एकदाही झुकले नाहीत. काही न करता दुरुस्त झालं. असं होतं कधी कधी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्त झालेलं नाही.

आज स्पर्शांची यादी काढली. यंत्र दर क्षणाला कोण कोणाला टेकलं ते लिहून ठेवतं : डावा तळवा – आठवी पायरी. काठी – नववी पायरी. उजवा हात – कठडा. अशा हजारो ओळी. नवव्या पायरीपाशी एक ओळ जास्त आहे.

पाठ – 

पुढे काही नाही. जोडीतल्या दुसऱ्या वस्तूची जागा रिकामी. दाब चाळीस ग्रॅम, एखाद्या चमच्याच्या वजनाइतका.

हवेशी स्पर्श होत नाही. दृश्यात जिना, कठडा, काठी आणि आजोबा, याशिवाय काही नाही. कुंभाराला विचारलं, त्याने शर्टाची घडी पाठीत रुतत असेल असं सांगितलं. आम्ही शर्ट काढून टाकला. ओळ राहिली. चित्रीकरणात माझा हात त्यांना लागला असेल अशी शंका आली, म्हणून बाराही वेळचे साधे व्हिडिओ पाहिले. कुठेही लागलेला नाही. वीतभर अंतर प्रत्येक वेळी आहे. बाबांची चाल काढून दुसऱ्याच कुणाची तयार चाल घातली. तरी नवव्या पायरीवर पाठीला काहीतरी टेकलंच.

२९ सप्टेंबर, रविवार

दादाचा फोन. तो दर रविवारी बाबांशी चार मिनिटं आणि माझ्याशी वीस मिनिटं बोलतो, आणि त्या वीस मिनिटांत बाबांना कसं सांभाळावं हे सांगतो. त्यांना फळं देतेस ना. त्यांना फिरवतेस ना. त्यांच्याशी चिडून बोलू नकोस, या वयात माणूस लहान मुलासारखा होतो. मी हो हो म्हटलं. दोनेक महिने तुझ्याकडे ने, असं मी पुन्हा सुचवलं. जानेवारीत बघू, म्हणाला. दोन वर्षं झाली, त्याचा जानेवारी पुढेच असतो.

फोन ठेवल्यावर बाबांनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, तुमची आठवण काढत होता. ते दिवसभर खुशीत होते.

३० सप्टेंबर, सोमवार

आज आजोबा पडले.

नववी पायरी, थांबणं, खिडकीकडे बघणं, आणि पाठीवर एकदम साडेसहा किलो. काठी निसटली, गुडघे दुमडले, आणि उरलेल्या आठ पायऱ्या कपाळ आपटत खाली. सगळं अचूक. प्रत्येक पायरीवर हाड किती अडावं, कातडी किती घासावी, हे आकडे मीच बसवले आहेत. मी बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

बाईंना दाखवायचं नव्हतं, पण त्या मागेच उभ्या होत्या. म्हणाल्या, किती खरं पडतो हा! दोन तास विचार करून त्यांनी गोष्ट बदलली. आजोबा रस्त्यावर पोचणार नाहीत. मी म्हटलं, ही चूक आहे, मी दुरुस्त करते. त्यांनी हात जोडल्यासारखं करून सांगितलं, कृपा करून दुरुस्त करू नका.

३ ऑक्टोबर, गुरुवार

नळ उघडा टाकून बाबांना झोप लागली. पाणी फरशीवरून खाली, कंपनीच्या छतातून दोन यंत्रांवर. बाईंनी स्वतःच यंत्रं पुसायला घेतली. तेच जास्त लागलं. मी वर जाऊन फरशी पुसली. बाबा पलंगावर बसून, पाय वर घेऊन, मला पुसताना बघत होते. "चिमे, माझ्याच्याने होत नाही गं आता," म्हणाले. मी पन्नास वर्षांची आहे आणि अजून चिमी आहे. मी म्हटलं, होतं असं, काही बिघडलं नाही. हे म्हणताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

खाली आल्यावर पुन्हा चालवून पाहिलं. नऊ किलो.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कुंभाराने एक युक्ती काढली. एका खेपेत स्पर्शाचे आठदहाच ठिपके मिळतात. मी आतापर्यंत दोनशेच्या वर खेपा चालवल्या आहेत. सगळ्यांचे ठिपके एकाच पाठीवर मांडून बघू, म्हणजे त्या वस्तूचा आकार तरी दिसेल.

मांडले.

दोन हात आहेत. पंजे उघडे, बोटं वर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध सपाट टेकलेले. कुंभाराला हातांची पारख आहे, आयुष्यभर तेच घडवतो. म्हणाला, ताई, बाईमाणसाचे आहेत, तरुण नाहीत. मग त्याने उजव्या करंगळीकडे बोट दाखवलं. ती वरच्या पेरात बाहेरच्या बाजूला वळलेली आहे.

माझी उजवी करंगळी तशी आहे. सहा वर्षांची असताना दारात सापडली होती. बाबांनीच दवाखान्यात नेलं होतं, सायकलवरून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने माझी मनगटं धरून.

मी हात टेबलाखाली घेतला. कुंभाराने पाहिलं की नाही कोण जाणे.

७ ऑक्टोबर, सोमवार

शनिवार-रविवार बाबांजवळच बसून काढले. आज सकाळी ही वही घेऊन खाली गेले आणि यंत्रातल्या नोंदींच्या शेजारी ठेवली. प्रत्येक खेपेची तारीख आणि दाब.

१९ सप्टेंबर, अंघोळीवरून वाद. नव्वद ग्रॅम.
२३ सप्टेंबर, कप्पी आणि चहा. शून्य.
३० सप्टेंबर, दादाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी. साडेसहा किलो.
३ ऑक्टोबर, नळ. नऊ किलो.

मधले दिवसही ताडून पाहिले. एकही चुकत नाही.

एका दिवसाबद्दल मी इथे लिहिलं नव्हतं. ते आता लिहिते. १६ सप्टेंबर. डॉक्टरांची वेळ साडेनवाची होती आणि आम्ही पावणेदहाला जिन्यावर होतो. बाबा नवव्या पायरीवर थांबले आणि खिडकीतून बघत त्यांच्या जुन्या फोरमनची गोष्ट सांगायला लागले. ती गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली आहे. मी मागे उभी, हात वीतभर अंतरावर. आणि तेव्हा ते आलं. डोक्यात नाही, डोक्याला पत्ताही नव्हता. तळव्यांत आलं. तळव्यांना वाटलं, एवढंसंच तर अंतर आहे.

एका श्वासापुरतं. मग गोष्ट संपली आणि आम्ही उतरलो.

त्यानंतर तीनच दिवसांनी आजोबा पहिल्यांदा झुकले.

संध्याकाळी दादाला फोन केला. जानेवारी म्हणायला लागला. मी म्हटलं, दादा, बाबांना माझ्यापासून घेऊन जा. तो म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, जे ऐकलंस तेच. मग म्हणाला, शनिवारी येतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

बाईंना सांगितलं, हे दृश्य मी पुढे करणार नाही. त्यांनी रजा घ्या म्हणून सांगितलं. मी थकलेली दिसते म्हणे. दिसतेच. सगळ्यांनाच दिसते, फक्त कोणी विचारत नाही की कशाने.

जिन्यात बाबांच्या मागे राहायचं नाही, असं ठरवलं आहे. शनिवारपर्यंत त्यांना उतरवायचंच नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

ते उतरले. मी खाली कुंभाराशी बोलत होते, आवाज आला तशी धावले. बाबा नवव्या पायरीवर, कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारलेली, काठी खाली माझ्या पायांशी. मान मागे वळवून, वरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघत ओरडत होते :

"अगं, ढकलतेस काय!"

मग त्यांना मी खाली दिसले. त्यांनी वर पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं.

त्यांना वर नेऊन शर्ट काढून बघितला. पाठीवर दोन फिकट लालसर डाग. त्यांना मी काही सांगितलं नाही. आरसा मागितला, तो सापडत नाही म्हटलं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बसने गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. बागेत बाकावर बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. कुंभाराला सांगून ठेवलं होतं, बारा वाजता एकदा चालवून बघ. साडेबाराला त्याला फोन केला.

अकरा किलो. म्हणजे अंतराने काही —

बाकावर बसून सबंध वेळ मी फक्त चांगलंच आठवत होते. सायकल. कप्पी. आईच्या आजारात त्यांनी तिची वेणी घालायला शिकणं. आणि खरंच आठवत होतं, ओढूनताणून नव्हे. माझं त्यांच्यावर प्रेम आहे. पण ते यादीत येत नाही. यादीत फक्त दाब येतो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

बाबा माझ्याकडे पाठ करत नाहीत.

सकाळी लक्षात आलं. मी खोलीत गेले की ते भिंतीला टेकून बसतात. गुडघ्यांना तेल लावताना मला बघत राहतात. रागाने नाही. हातांकडे बघतात.

दुपारी म्हणाले, दमलीस ना गं फार. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मला कळतं, मीही माझ्या आईचं केलं आहे. पुढे काही तरी बोलणार होते, पण —

कुंभार आणि दादा खुर्चीत बसवून त्यांना खाली नेतील असं सुचवलं. ऐकत नाहीत. म्हणतात, मला उचलून न्यायची वेळ येईल तेव्हा विचारू नका, तोवर मी चालणार. एकच अट घातली. मागे कोणी नको.

मला बघून म्हणाले नाहीत. खिडकीकडे बघून म्हणाले.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सकाळचे दहा. दादा आला आहे. गाडी दारात उभी. त्याने बॅग खाली नेली. हत्यारांची पेटी न्यायला बाबांनी त्याला आधी नकार दिला, मग दिली.

निरोप झाला. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी माझे हात मागे बांधून उभी. त्यांना ते कळलं असावं. "येतो चिमे," म्हणाले.

मी स्वयंपाकघरात. दार आतून लावलं. टेबलाशी बसले. डावा हात वहीवर सपाट, उजव्यात पेन. दोन्ही मला दिसत आहेत. लिहीत राहायचं, म्हणजे हात कामात राहतील. एवढंच सुचलं.

दादा त्यांच्या पुढे आहे, उलटा उतरतो आहे, तोंड वर करून. त्याचा आवाज येतो. सावकाश बाबा. सावकाश. मागे कोणी नाही. कुंभार खाली दारात.

काठी. पहिली.

दुसरी. तिसरी. बाबा काहीतरी गमतीचं बोलले, दादा हसला.

चौथी.

काल रात्री झोप नाही. त्याआधीही नाही. दोन वर्षं नीट नाही. हे कारण नव्हे. फक्त लिहून ठेवते, कोणी वाचलं तर —

पाचवी. सहावी.

हात वहीवर आहेत. दोन्ही. मी बघते आहे.

सातवी. गाडीचा हॉर्न. दादा चालकावर ओरडला.

आठवी.

थांबले. नाही, काठी —

नववी. थांबले. खिडकी.

दादाला ते सांगायला लागले आहेत. फोरमनची. दादाने ती कधी ऐकलेलीच नाही, तो विचारतो आहे, मग काय झालं. बाबा, नंतर सांगा. उतरा आधी. बाबा —

डाव्या तळव्याखाली कागद गरम लागतो आहे.

कागद नाही. सुती कापड. खाली मणके, एकेक मोजता येतो. श्वास घेतला की वर येतात. पेन हातात आहे, मला दिसतं आहे, तरी उजव्या तळव्यातही —

मिटत नाहीत बोटं. धरायला हवं. ढकलायचं नाही, धरायचं, शर्ट मुठीत — बोटं ऐकत ना—

बोलायचे थांबले. त्यांना कळलं. बाबा, पुढे बघा. कठडा धरा. मागे वळू